तिसऱ्या खणातल्या साठ पेट्या

१

आमच्या ऑफिसात काही हरवलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. सव्वीस वर्षं दप्तरखाना सांभाळते आहे. नावाने कुणी हाक मारत नाही, दप्तरबाई म्हणतात. टाचणी हरवली तरी दप्तरबाई. पण त्या गुरुवारी साठ पेट्या हरवल्याची बातमी आली तेव्हा माझ्याकडे कुणी बघेना. जो तो आपापल्या टेबलात काहीतरी शोधत बसला. तिथेच मला कळलं, की हे माझ्या घरापर्यंत येणार.

आमचं खातं जप्त जहाजांचं. लढाई सुरू झाल्यापासून आमचं आरमार शत्रूची व्यापारी जहाजं भर समुद्रात पकडतं आणि बंदरात आणून उभी करतं. मग आम्ही मालाची यादी करायची, सील ठोकायचं, पहारा बसवायचा आणि कागद जहाज-न्यायालयाकडे पाठवायचे. माल सरकारजमा करायचा की मालकाला परत द्यायचा, हे न्यायालय ठरवतं. तोपर्यंत त्यातल्या सुईलासुद्धा हात लावायचा नाही, असा कायदा आहे.

त्या दिवशी सकाळी न्यायालयाच्या हुकमाने बाराव्या जहाजाचा तिसरा खण उघडला. खण म्हणजे जहाजाच्या पोटातली माल ठेवायची खोली. वर भलंमोठं झाकण, झाकणावर ताडपत्री, ताडपत्रीच्या दोरीला शिशाचं सील. सील जसंच्या तसं होतं. आमच्या यादीप्रमाणे आत साठ पेट्या औषध असायला हवं होतं, जखम सडू नये म्हणून सैनिकांना टोचतात ते. हॉस्पिटलं त्याच्यासाठी खोळंबली होती. खणात बाकीचा सगळा माल होता, औषधाची पेटी एकही नव्हती.

त्या जहाजावर तीन महिने एकाच माणसाचा पहारा होता. तो माणूस माझा धाकटा भाऊ.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी लग्न केलं नाही त्याचं कारण तोच, आणि हे मी त्याला भांडणात शंभरदा ऐकवलंय. आघाडीवर जायला लागू नये म्हणून ही पहाऱ्याची नोकरी मीच साहेबांचे पाय धरून त्याला लावली होती. बंदरातल्या बंदरात राहील, जिवाला धोका नाही, असं भावजयीला मीच सांगितलं होतं. आता लढाईच्या काळात सैनिकांचं औषध चोरल्याचा आरोप. शिक्षा एकच, फाशी. सुनावणी सोमवारी.

वाऱ्याने ताडपत्री फाटली तर ती बदलून पुन्हा सील लावता यावं म्हणून पहारेकऱ्याकडे सीलचा एक चिमटा दिलेला असतो. तो चिमटा त्याच्या खिशात सापडला. असणारच तिथे, आम्हीच दिला होता. पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. दुपारी त्याला बेड्या घालून ऑफिससमोरून नेलं, तेव्हा तो माझ्या खिडकीकडे बघून म्हणाला, "ताई, मी ते झाकण एकदाही उघडलेलं नाही."

२

शुक्रवारी सकाळी राजधानीतून तपासणीस आला. कोटाचं एक बटण तुटलेलं, सारखा खोकला, आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायची सवय. मी म्हटलं, हा काय दिवे लावणार.

"तो तुमचा भाऊ आहे, मला माहीत आहे," तो म्हणाला. "नियमाने तुम्हाला लांब ठेवायला हवं. पण या ऑफिसात कुठला कागद कुठे असतो ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं तुमचे साहेबच म्हणाले. तुम्ही माझ्याबरोबर राहा, जबान्या लिहून घ्या. मध्ये बोलू नका."

मध्ये न बोलणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमवलं.

पहिला बोलावला मोजणीदार. जहाज बंदरात आलं की आत उतरून माल मोजणारा आणि यादी करणारा हा माणूस. इस्त्रीची पँट, तेल लावून बसवलेले केस. खात्यात त्याची यादी म्हणजे मोत्याचा दाणा, एक खाडाखोड नाही. साहेब नव्या कारकुनांना ती दाखवून लाजवायचे.

"तिसरा खण तुम्ही स्वतः मोजला?"

"स्वतः. आत उतरून, नग न् नग."

"किती वेळ लागला?"

"जहाज सकाळी लागलं. दुपारच्या जेवणापर्यंत तीनही खण आटोपले."

"फारच झपाट्याने."

"लढाई आहे साहेब. आळस करून कसं चालेल?" असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढली.

तपासणीसाने यादी मोठ्याने वाचली. "यंत्रांचे सुटे भाग, चाळीस खोकी. सुताच्या गासड्या, दोनशे. कातडी, नव्वद गठ्ठे. काचसामान, तीस खोकी. औषधाच्या पेट्या, साठ." खाली मोजणीदाराची सही, त्याखाली पहारेकऱ्याची. 'वरीलप्रमाणे माल ताब्यात मिळाला' आणि माझ्या भावाचं वाकडंतिकडं नाव.

"सील कुणी लावलं?"

"मीच. मोजून झाल्याबरोबर. पहारेकरी संध्याकाळी आला, त्याने बघून सही केली. पुढचं तो जाणे." मोजणीदाराने काखा वर केल्या.

जाताना त्याने दार इतकं हळू लावलं की मला ते खटकलं. एरवी तो दार आपटतो.

३

कोठडीत भावाने मला बघितलं आणि लहानपणी मार खाल्ल्यावर करायचा तसा चेहरा केला. तपासणीसासमोर रडायचं नाही असं मी ठरवून गेले होते, ते पाळलं.

"सही करताना पेट्या बघितल्या होत्यास का?" तपासणीसाने विचारलं.

"सील लावलेलं होतं. कशा बघणार? यादी पुढे केली, सही केली. सगळे तसंच करतात."

"गाढवा," मी म्हटलं. मध्ये बोलायचं नाही हे विसरूनच गेले.

"ताई, सील फोडून बघायला मागितलं असतं तर मोजणीदाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. पहिलाच दिवस माझा." मग तो तपासणीसाकडे वळला. "मी त्या झाकणावरच बसायचो साहेब, तीन महिने. तिथून दोन्ही बाजू दिसतात. पहिल्या संध्याकाळी तर बसायला जागा करायला फडक्याने मीठ झाडावं लागलं होतं. एवढा जाड थर, झाकणाच्या कडेने सगळा. खरवडून काढला."

तपासणीस खोकला आणि पुढे गेला. मी मात्र ते लिहून घेतलं.

"जहाजावर तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?"

"पहिले चार दिवस त्यांचा कप्तान. मग त्याला छावणीत नेलं. भला माणूस. आम्ही पत्ते खेळायचो. हरला की हसायचा, आणि सारखा हरायचा."

"खणात जायला दुसरी वाट आहे?"

"इंजिनखोलीतून एक भोक आहे. कप्तानानेच दाखवलं होतं. माणूस सरपटत जातो कसाबसा. पेटी नाही जात त्यातून."

बाहेर आल्यावर तपासणीस पायरीवर थांबला. "बाई, खरं सांगू? वाईट वाटून घेऊ नका. सील शाबूत, चिमटा त्याच्याकडे, माल मिळाल्याची सही त्याची. आता एकच माणूस राहिला, तो कप्तान. त्याच्याकडून काही निघालं नाही तर माझा अहवाल दोन ओळींचा आहे."

घरी भावजय उंबऱ्यात बसली होती. गुरुवारपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. मी पाणी मागितलं, तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. चूक तिची नव्हती.

४

पकडलेल्या जहाजांवरच्या लोकांची छावणी एका शाळेच्या इमारतीत होती. शनिवारी सकाळी आम्ही गेलो. कप्तान पहिलीच्या वर्गात बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता, पाठीमागे फळ्यावर अजून पाढे होते. वीस वर्षं आमच्या किनाऱ्यावर ये-जा केलेला माणूस, त्यामुळे मोडकीतोडकी आमची भाषा बोलायचा.

"औषध?" त्याला प्रश्नच कळेना. "औषध तर तुम्हीच घेतलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"तुमची लढाऊ बोट. मला पकडलं त्याच दिवशी, समुद्रात. त्यांच्याकडे जखमी फार. ऑफिसर म्हणाला, वर काय आहे? मी म्हटलं, वर औषध आहे. शेवटच्या बंदरात चढवलं म्हणून सगळ्यात वर. त्यांनी झाकण काढलं, साठ पेट्या नेल्या. मग दोन दिवस वादळ. लाटा झाकणावर."

तपासणीसाने पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडाकडे बघितलं. "ती बोट दुसऱ्याच महिन्यात बुडाली. एकही माणूस वाचला नाही. तुम्ही काय वाटेल ते सांगाल."

"ऑफिसरने चिठ्ठी दिली. सही करून." कप्तानाने बोट माझ्याकडे केलं. "मी चिठ्ठी या बाईला दिली."

मी वहीतून मान वर केली.

"मोजणीवाला माणूस माझ्या केबिनमध्ये आला, माझी माल भरल्याची यादी घेऊन बसला, कॉफी प्यायला. मी चिठ्ठी पुढे केली, त्याने वाचलीच नाही. तो म्हणाला, बाकीचे कागद ऑफिसात द्या. पाचव्या दिवशी मला इकडे आणताना ऑफिसात नेलं. खिडकीत ही बाई. मी चिठ्ठी दिली, तुम्ही शिक्का मारला. मी विचारलं, हरवणार नाही ना? तुम्ही म्हणालात, शिक्का बसला, आता काळजी नको."

मला तो आठवेना. त्या महिन्यात दिवसाला दोन-दोनशे कागदांवर मी शिक्का मारत होते, आणि प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होते. लोक घाबरलेले असतात, एक वाक्य बोलायला काय जातं, असं माझं म्हणणं.

"तो पहारेकरी बरा आहे ना?" कप्तानाने विचारलं. "त्याला पत्ते येत नाहीत. मी मुद्दाम हरायचो."

५

तपासणीस माझ्यामागोमाग ऑफिसात आला. मी तडक आवक वही काढली. ऑफिसात आलेला प्रत्येक कागद या वहीत चढतो, त्याला क्रमांक मिळतो, आणि ज्याच्या टेबलाकडे तो जातो त्याची पोच म्हणून सही घेतली जाते. जहाज लागल्यापासूनच्या पाचव्या दिवसाचं पान. चार हजार एकशे सत्तावीस. माझंच अक्षर: 'पावती, एक पान, बारावं जहाज.' समोर पोच म्हणून मोजणीदाराची सही, तीच मोत्यासारखी.

"मग चिठ्ठी कुठे आहे?" तपासणीसाने विचारलं.

"बाराव्या जहाजाच्या गठ्ठ्यात नाही. तो मी गुरुवारपासून चार वेळा उलटासुलटा केलाय."

"म्हणजे त्याने फाडली."

"छे. तुम्हाला आमचं ऑफिस माहीत नाही. इथे माणूस माणसाला बुडवेल, पण क्रमांकाचा कागद फाडायला कुणाचे हात धजत नाहीत. उद्या मागितला आणि नसला तर नोकरी जाते. फाडत नाहीत, चुकीच्या जागी ठेवतात. पुढेमागे सापडला तर दप्तरबाईने चुकून लावला म्हणायला मोकळे."

"चुकीची जागा कुठली?"

"जिथे कुणी हात घालणार नाही ती. निकाल लागलेली जहाजं."

निकाल लागलेली अकरा जहाजं वरच्या फळीवर होती, एकेकाचे पाच-सहा गठ्ठे. खालीच उभी राहून मी दोऱ्यांकडे बघत गेले. मी गठ्ठ्याला दोन वेढे देते आणि टोक आत खोवते, गाठ मारतच नाही. सुटायला सोपं. चौथ्या जहाजाच्या तिसऱ्या गठ्ठ्याला छान फुलासारखी गाठ होती, बुटाच्या नाडीला मारतात तशी. मी शिडीवर चढले. वहीतून फाडलेला लहान कागद, त्यावर घाईघाईचं अक्षर, आमच्याच भाषेत: 'तिसऱ्या खणातून औषधाच्या साठ पेट्या जखमींसाठी घेतल्या.' खाली सही, तारीख, बोटीचं नाव, आणि सगळ्यावर माझा शिक्का.

शिडीवरच मला हसू फुटलं. सुटला म्हटलं गाढव, सोमवारी घरी जेवायला.

मोजणीदाराला बोलावलं. आधी त्याने कानावर हात ठेवले. मग तपासणीसाऐवजी मीच बोलले. जबानी लिहायचं सोडून दिलं होतं.

"तुम्ही खण उघडलाच नाहीत. तुमची यादी यंत्रांपासून सुरू होते आणि औषधावर संपते. म्हणजे माल चढवला त्या क्रमाने, कप्तानाच्या यादीत आहे तशी. पण झाकण काढून मोजणाऱ्याला आधी वरचा माल दिसतो, औषध किंवा औषधाची रिकामी जागा. तळातली यंत्रं त्याला सगळ्यात शेवटी सापडतात. तुमची यादी उलटी हवी होती. दुसरं, त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या भावाने झाकणाच्या कडेचं वादळातलं मीठ खरवडलं. सकाळी झाकण उघडलं असतं तर तो थर राहिला नसता. तुम्ही केबिनमध्ये बसून कॉफी प्यायलात, यादी उतरवून काढलीत आणि ताडपत्रीला सील ठोकून जेवायला गेलात. पाचव्या दिवशी ही चिठ्ठी टेबलावर आली. ती लावावी तर मोजणी खोटी ठरते. म्हणून दडपलीत. आणि गुरुवारी माझ्या भावाला बेड्या पडल्या तरी तोंड उघडलं नाहीत."

तो खुर्चीत बसला. केस विस्कटलेले मी पहिल्यांदा बघितले. "मला वाटलं नव्हतं फाशीपर्यंत जाईल," तो म्हणाला. "आणि बाई, ही एकच यादी तशी नाही. आधीच्या अकराच्या अकरा तशाच आहेत. तीन दिवसांत यादी पाहिजे म्हणून हुकूम, हमाल सगळे आघाडीवर गेलेले. कशी मोजणार? साहेबांना माहीत आहे."

६

रविवार असून साहेब आले. वयस्कर, बारीक आवाजाचे, नेहमी आधी खुर्ची देणारे. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि आमच्यासाठी चहा मागवला.

"शाबास," ते म्हणाले. "खरोखर शाबास. आता मला सांगा, ही पुढे गेली की काय होईल? अकरा जहाजांचे निकाल या याद्यांवर लागलेत. सगळे रद्द. जहाजं परत, माल परत. तो माल सैन्याने कधीच वापरलाय. शत्रूच्या बंदरात आपली जहाजं अडकलीत, त्यावरची आपली माणसं आहेत. हे तिकडे कळलं तर त्यांचं काय होईल?"

"माझा भाऊ उद्या फासावर जाईल, त्याचं बोला."

"त्याचंच बोलतोय. यादी तपासून दाखल केली म्हणून प्रत्येक यादीवर तिसरी सही कुणाची आहे बाई?"

माझी. बाराही याद्यांवर. मोजणीदाराची आणि कप्तानाची अशा दोन याद्या शेजारी ठेवून वाचायला मला पाच मिनिटं लागली असती. मोजणीदाराची यादी आली की मी सही करायची. सगळे तसंच करतात.

"आणि समजा, मी चिठ्ठी पुढे पाठवली," ते हळूच म्हणाले. "बोट बुडाली. सही ओळखणारा कुणी उरला नाही. कागद सापडला कुणाला, तर आरोपीच्या बहिणीला. शिक्का तिचा, वहीतलं अक्षर तिचं, दप्तरखान्याची किल्ली तिच्याकडे. लष्करी न्यायाधीश काय म्हणतील? बहिणीने भावासाठी कागद बनवला. मोजणीदार तर उद्या पोचेची सही आपली नव्हेच म्हणेल. भाऊ जाईलच, तुम्हीही जाल."

मी तपासणीसाकडे बघितलं. तो माझ्या चपलांकडे बघत होता.

"दुसरी वाट आहे," साहेब म्हणाले. "यादी खरी, पेट्या होत्या. इंजिनखोलीतून आत जायला भोक आहे म्हणे. ते पहारेकऱ्याला कुणी दाखवलं? कप्तानाने. चार दिवस तो जहाजावर मोकळा होता. आपल्या सैनिकांना उपयोगी पडू नये म्हणून त्याने आत जाऊन पेट्या फोडल्या आणि फळ्या-बाटल्या सगळं समुद्रात टाकलं. पहारेकऱ्याला पत्त्यांत गुंतवून ठेवलं. तुमच्या भावाचा गुन्हा एवढाच, की तो बावळट आहे. नोकरी जाईल. त्यासाठी कुणाला फाशी देत नाहीत."

"आणि कप्तानाला?"

साहेबांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही काहीतरी बोला," मी तपासणीसाला म्हणाले. "तुम्हाला सगळं माहीत आहे. तुमच्यासमोर झालंय."

"बाई, तुम्ही सांगितलं तर मी खरं लिहीन," तो खोकत म्हणाला. "भाऊ तुमचा आहे. तुम्हीच ठरवा." एवढ्या मोठ्या राजधानीतून आलेला माणूस, आणि ठरवायचं माझ्यावर टाकून मोकळा झाला. आजही त्या खोकल्याचा मला राग येतो.

चहावर साय धरली. मला शाळेतला तो बुटका बाक दिसत होता, आणि त्याच्या शेजारी चार वर्षांचा एक पोरगा, आई कुठे गेली म्हणून विचारणारा. दोघांपैकी एकाकडे बघायचं होतं. मी कुणाकडे बघितलं ते सांगायला नको.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. साहेबांनी काडी ओढली. ती जळताना आधी माझा शिक्का काळा पडला.

७

भाऊ मंगळवारी घरी आला. भावजय माझ्या गळ्यात पडून रडली. त्याला वाढलं तर तो भुकेल्यासारखा जेवला आणि मध्येच थांबून म्हणाला, "ताई, तो कप्तान तसा वाटत नव्हता गं."

"माणसाचं काय सांगावं," मी म्हटलं. "जेव तू."

"दोन मुली आहेत त्याला. फोटो दाखवला होता." त्याने खिशातून पत्त्यांचा जोड काढला. कप्तानाने जाताना त्याला दिलेला. तो आमच्या घरात अजून आहे. भाऊ कधीमधी एकटाच डाव मांडतो आणि प्रत्येक वेळी हरतो. कप्तान मुद्दाम हरायचा, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

कप्तानाला त्याच महिन्याच्या एकवीस तारखेला शिक्षा झाली. तो शेवटपर्यंत म्हणत होता, माझी पावती खिडकीतल्या बाईकडे आहे, तिला विचारा. मला कुणी विचारायला आलं नाही. त्या सकाळी मी ऑफिसात गेले, आवक वही उघडली, चार हजार एकशे सत्तावीससमोर शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं, 'कागद मी जाळायला दिला', आणि खाली पूर्ण नावाने सही केली. ती वाचून कुणीतरी आरडाओरडा करेल, मला धरून नेईल, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर इच्छा होती.

लढाई संपली. साहेबांना मोठी जागा मिळाली. मोजणीदार आता नव्या मोजणीदारांना शिकवतो. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते. मधल्या काळात दप्तराची तीनदा तपासणी झाली. तीनही वेळा राजधानीतून माणसं आली, तीच वही त्यांच्यापुढे मी स्वतः उघडून ठेवली, तेच पान. तिघांनीही चहा घेतला, घड्याळ बघितलं आणि लाल शाईच्या माझ्या ओळीखाली बरोब्बर बोट ठेवून सही केली: 'पाहिले. सर्व कागद जागेवर आहेत.'